फायबरचा ताठपणा: कागदावर २४, मशीनवर ७

तंतू आणि रेझिन मिळून होणाऱ्या कॉम्पोझिट मालाचा ताठपणा आधीच कसा काढायचा, याबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे काच म्हणजे ई-ग्लास (मॉड्युलस ७२ गिगापास्कल, घनता घन सेंटिमीटरला २.५५ ग्रॅम) आणि रेझिन म्हणजे पक्के झालेले साधे पॉलिएस्टर (३.५ गिगापास्कल, घनता १.२) असे धरावे. मॉड्युलस म्हणजे पाठ्यपुस्तकातला स्थितिस्थापकता गुणांक, मालाच्या ताठपणाचे माप.

प्रश्न: प्रकल्पासाठी चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचे (काचेच्या आखूड तंतूंची चटई) तीन थर हाताने बसवून पत्रा केला. काच वजनाने ३० टक्के. मिश्रणाच्या नियमाने मॉड्युलस २४ गिगापास्कल येतो, पण कॉलेजच्या यूटीएमवर (ओढून तपासण्याच्या मशीनवर) ७.३ आला. परीक्षकांना काय सांगू?
— अभियांत्रिकी विद्यार्थिनी, धुळे

मिश्रणाचा नियम म्हणजे प्रत्येक घटकाचा मॉड्युलस त्याच्या आकारमानाच्या वाट्याने गुणून केलेली बेरीज. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण तो दुसऱ्याच वस्तूचा आहे. ज्या पट्टीच्या आकारमानात ३० टक्के काच आहे आणि काचेचा प्रत्येक तंतू ओढीच्याच दिशेने सरळ आहे, तिचा मॉड्युलस २४. तुमच्या पत्र्यात यातली एकही गोष्ट नाही.

आधी वजनाचे टक्के आकारमानात आणा. १०० ग्रॅम पत्र्यातली ३० ग्रॅम काच ३० भागिले २.५५, म्हणजे ११.८ घन सेंटिमीटर जागा घेते. ७० ग्रॅम रेझिन ७० भागिले १.२, म्हणजे ५८.३. एकूण ७०.१ पैकी काच फक्त १६.८ टक्के. मिश्रणाच्या नियमात ०.३० च्या जागी ०.१६८ घातले की २४ चे १५ होतात.

आता दिशा. मॅटमधले तंतू पत्र्याच्या प्रतलात चहूकडे पसरलेले असतात, त्यामुळे ओढीच्या दिशेने पडलेले थोडे, तिरपे बरेच आणि आडवेही काही. यासाठी दोन मॉड्युलस काढावे लागतात: सगळे तंतू सरळ असते तर किती (वरचे १५) आणि सगळे आडवे असते तर किती. आडव्यासाठी हॅल्पिन-त्साय सूत्र वापरा. काच आणि रेझिन यांच्या मॉड्युलसचे गुणोत्तर २०.६. त्यातून १ वजा केला की १९.६, त्यात २ मिळवले की २२.६. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.८६७ येतात. हा आकडा ०.१६८ ने गुणला की ०.१४६. मग १ अधिक दोनदा ०.१४६ याला १ वजा ०.१४६ ने भागा आणि ३.५ ने गुणा. उत्तर ५.३ गिगापास्कल. विखुरलेल्या तंतूंसाठी सरळ मॉड्युलसचे तीन-अष्टमांश आणि आडव्याचे पाच-अष्टमांश घेऊन बेरीज करतात. ती येते ८.९.

उरला ८.९ आणि ७.३ मधला फरक. तुम्ही लांबीतली वाढ मशीनच्या क्रॉसहेडवरून (जबडा ओढणाऱ्या सरकत्या भागावरून) घेतली असावी. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड आणि जबड्यांमधली लांबी १५० मिमी अशी पट्टी धरली, तर तिला १ मिमी ताणायला सुमारे ४,४६५ न्यूटन लागतात. मशीनचा सांगाडा आणि जबडे मिळून समजा २०,००० न्यूटनला १ मिमी हलत असतील, तर तीही हालचाल पट्टीच्या खात्यावर जमा होते आणि मॉड्युलस ७.३ दिसतो. म्हणजे सगळा फरक इथे संपू शकतो. हवेचे बुडबुडे असतील तर त्यांचाही थोडा वाटा असेल. पट्टीवरच एक्स्टेन्सोमीटर लावा, नाहीतर स्ट्रेन गेज चिकटवा (दोन्ही फक्त पट्टीची वाढ मोजतात), आणि आलेखाचा उतार ०.०५ ते ०.२५ टक्के विकृतीच्या, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेतल्या वाढीच्या, दरम्यान घ्या. सुरुवातीला जबडे बसतात तो वाकडा भाग त्यात येऊ देऊ नका. मॅटच्या पत्र्यात पुढे बारीक तडे सुरू होतात आणि रेघ झुकते, म्हणून त्यापुढचा भागही नको.

एक पडताळणी व्हर्नियरने लगेच होते. तीन थरांत काच प्रति चौरस मीटर १,३५० ग्रॅम असते. ३० टक्के खरे असतील तर पत्र्याची जाडी ३.१५ मिमी भरली पाहिजे. जाडी ३.८ भरली, तर काच आकारमानाने १६.८ नसून १३.९ टक्के आहे, म्हणजे रेझिन जास्त झाले आहे. कडेला आणि मध्ये मिळून निदान दहा ठिकाणी मोजा. हाताने बसवलेल्या पत्र्याची जाडी एकसारखी नसते, आणि मॉड्युलस काढताना जी जाडी भागाकारात घालाल तिची चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते.

प्रश्न: आमच्या गटाने केळीच्या खांबातून धागा काढण्याचे यंत्र घेतले आहे. पुस्तकांत केळीच्या तंतूचा मॉड्युलस कुठे ८ तर कुठे ३२ गिगापास्कल दिला आहे. हिशेबाला कोणता धरायचा? आणि काचेच्या मॅटऐवजी आमची मॅट घातली तर पत्रा तेवढाच ताठ राहील का?
— शेतकरी गट, यावल तालुका

पुस्तकातला कोणताच धरू नका, तुमचा स्वतःचा काढा. काचेचा तंतू कारखान्यात ओढला जातो, त्याचा छेद गोल असतो आणि कुठूनही घेतला तरी मॉड्युलस ७२ च्या आसपास मिळतो. केळीचा धागा म्हणजे असंख्य पोकळ पेशींची जुडी. बाहेरच्या सोपटाचा धागा राठ आणि जाड, आतल्याचा बारीक. एकाच धाग्याची जाडी टोकापासून टोकापर्यंत बदलत जाते आणि छेद गोल नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली व्यास मोजून वर्तुळाचे सूत्र लावले आणि व्यास १० टक्के जास्त धरला गेला, तर क्षेत्रफळ २१ टक्के फुगते आणि मॉड्युलस १७ टक्के पडतो. प्रत्यक्षात चूक याहून मोठी होते. ८ आणि ३२ मधल्या अंतराचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून क्षेत्रफळ वजनावरून काढा. नेमके एक मीटर लांबीचे ३० धागे कापून कोरडे करा आणि सोबत तोला. समजा ०.७२ ग्रॅम भरले, तर एका धाग्याचे ०.०२४ ग्रॅम. घनता १.३५ धरली तर सरासरी छेद ०.०१८ चौरस मिमी. तोलायला सराफाचा मिलिग्रॅमपर्यंतचा काटा चालतो, आणि जळगाव जिल्ह्यात तो शोधावा लागणार नाही.

ओढून पाहण्यासाठी कार्डशीटच्या चौकटी कापा, खिडक्या १०, २०, ३० आणि ४० मिमीच्या. प्रत्येक चौकटीवर एक धागा सरळ ताणून दोन्ही टोकांना अॅराल्डाइटसारख्या इपॉक्सीने चिकटवा. चौकट जबड्यात धरल्यावर बाजूच्या दोन्ही पट्ट्या कात्रीने तोडा, म्हणजे भार एकट्या धाग्यावर येईल. प्रत्येक लांबीचे निदान २० धागे तोडा. मग आलेखावर आडव्या अक्षावर लांबी भागिले क्षेत्रफळ आणि उभ्या अक्षावर वाढ भागिले भार असे बिंदू मांडा. त्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेचा उतार म्हणजे १ भागिले मॉड्युलस. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तेवढी मशीनची आणि गोंदाची स्वतःची ढिलाई, आणि ती आपोआप वेगळी होते. धुळ्याच्या विद्यार्थिनीचा शेवटचा अडथळा याच रीतीने सुटतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी तुमच्या धाग्याचा मॉड्युलस २० आला असे धरू. धागा वजनाने २० टक्के घातला, तर आकारमानाने तो १८ टक्के भरतो. केळीच्या धाग्याची घनता रेझिनच्या जवळ असल्यामुळे इथे दोन्ही टक्क्यांत काचेइतका फरक पडत नाही. सरळ दिशेचा मॉड्युलस ६.५ येतो. आडव्या दिशेला मात्र काचेचा नियम लावू नका. वनस्पतीचा तंतू लांबीच्या दिशेने ताठ आणि आडवा मऊ असतो, त्यामुळे आडवा मॉड्युलस रेझिनचाच, ३.५ धरणे प्रामाणिक होईल. विखुरलेल्या मॅटसाठी बेरीज येते ४.६. नुसते रेझिन ३.५ होते, म्हणजे एवढा खटाटोप करून वाढ ३० टक्क्यांची. काचेची मॅट हेच ८.९ वर नेते.

वाकण्यातला ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून जाडी २५ टक्के वाढवून कमतरता भरून काढता येते. ३.१५ मिमीच्या जागी ३.९३ मिमी. पण रेझिनचा हिशेब बघा: काचेच्या पत्र्यात चौरस मीटरला ३.१५ किलो रेझिन लागत होते, केळीच्या पत्र्यात ३.८६ किलो लागेल. काचेची मॅट वाचवली आणि ७०० ग्रॅम रेझिन जास्त घातले, असा हा व्यवहार आहे. यात गटाचा फायदा होईल असे आम्हाला वाटत नाही.

फायदा दुसऱ्या मांडणीत आहे. खालचा आणि वरचा थर काचेचा ठेवा आणि फक्त मधला थर केळीचा करा. तीन थरांची जाडी सारखीच, १.०५ मिमी राहू द्या. त्यासाठी मधल्या मॅटमध्ये चौरस मीटरला सुमारे २६० ग्रॅम केळीचा धागा बसतो. पत्रा वाकतो तेव्हा ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाला सर्वांत जास्त असतो आणि मधोमध शून्यावर येतो. मधल्या तिसऱ्या हिश्श्याचा वाकण्याच्या ताठपणातला वाटा सत्ताविसावा, म्हणजे ३.७ टक्के. त्या जागी ८.९ ऐवजी ४.६ चा माल घातला तर पूर्ण पत्र्याचा ताठपणा २ टक्क्यांहूनही कमी उतरतो, आणि एक तृतीयांश काच वाचते. झाकण, फळी, दाराची पाटी, खुर्चीची बैठक अशा वाकणाऱ्या वस्तूंना हे चालते. सरळ ओढ सोसणाऱ्या पट्टीला चालणार नाही, कारण तिथे तिन्ही थरांचा वाटा सारखा असतो आणि मॉड्युलस १६ टक्के घटतो. दाबाच्या टाकीला तर वापरूच नका. आणि हे सगळे ताठपणाचे झाले. पत्रा कितीवर तुटेल याचा आकडा त्यातून निघत नाही, ती चाचणी वेगळी करावी लागते.

या हिशेबाचा पाया धागा आणि रेझिन यांची घट्ट पकड हा आहे. केळीचा धागा हवेतली ओल सहज धरतो, वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात गोदामातून काढून तसाच घातला, तर ओल वाफ होऊन बुडबुडे सोडते आणि धाग्याभोवती रेझिन सुटे राहते. ८० अंशांवर वाळवा, तासातासाने तोला, दोन वजने सारखी आली की थांबा आणि तो गरम असतानाच साच्यात घ्या. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून, भरपूर धुऊन वाळवलेल्या धाग्याला रेझिन जास्त चांगले धरते. मात्र तीव्रता वाढवली किंवा रात्रभर ठेवला तर धागाच कमजोर होतो. कॉस्टिक हाताळताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. तुकडे ३० मिमीचे कापा. ०.१५ मिमी जाडीच्या धाग्याला लांबी जाडीच्या २०० पट झाली, की आखूडपणामुळे होणारे नुकसान हिशेबात धरण्याइतके उरत नाही.

प्रश्न: फायबरच्या टाकीचे झाकण हिवाळ्यात केले तेव्हा ताठ होते. मे महिन्यात तेच मधोमध खोल बसले. काचेचे प्रमाण तेच आहे. मग काय बदलले?
— लघुउद्योजक, भुसावळ

रेझिन बदलले. काचेला ऊन जाणवत नाही. साधे पॉलिएस्टर मात्र ६०-७० अंशांपाशी मऊ पडू लागते, आणि भुसावळच्या ४५ अंशांच्या दुपारी उन्हातल्या गडद झाकणाचा पृष्ठभाग हवेपेक्षा खूप जास्त तापतो. समजा रेझिनचा मॉड्युलस निम्मा, १.७५ झाला. वरच्याच रीतीने सरळ मॉड्युलस १५ वरून १३.६ वर येतो, पण आडवा ५.३ वरून २.७ वर. पत्र्याचा एकूण ८.९ चा ६.८ होतो. जवळपास पाव ताठपणा गेला, आणि हे फक्त भार टाकल्या क्षणाचे गणित आहे. झाकणावर वीट किंवा पाण्याचा डबा दिवसभर राहिला तर मऊ रेझिन हळूहळू सरकते, आणि तो खोलगटपणा रात्री थंड झाल्यावरही पूर्ण निघत नाही.

आता तुमच्या कामाकडे. हिवाळ्यात रेझिन गार असताना हार्डनर नेहमीइतकाच घातला, तर ते वरून वाळलेले दिसते आणि आत अर्धे कच्चे राहते. कच्चे रेझिन तर याहून लवकर मऊ पडते. बारकोल काट्याने कडकपणा मोजा, रेझिन कंपनीने दिलेल्या आकड्याच्या निदान ९० टक्के आला पाहिजे. झाकण दुसऱ्या दिवशी ८० अंशांच्या कपाटात तीन तास ठेवले तर रेझिन पक्के होते. साच्यावर असताना किंवा नीट आधार देऊनच ठेवा, नाहीतर कपाटातच वाकेल.

उन्हाळ्यात गडबड उलटी होते. रेझिन रोलर फिरवण्याआधीच जेल होते आणि मॅटमध्ये पांढरे, न भिजलेले ठिपके राहतात. तिथे काच आहे पण तिला धरणारे कुणी नाही. हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेऊ नका. त्याऐवजी कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव्य) कमी करा, एका वेळी थोडेच रेझिन कालवा आणि काम पहाटे उरका. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण एकजीव करा, मगच हार्डनर घाला.

याच झाकणाला चौथा थर दिला तर जाडी ३.१५ ची ४.२ मिमी होते आणि वाकण्याचा ताठपणा २.४ पट. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे साच्यातच झाकणाला घुमटासारखी उंची देणे, किंवा खालून दोन आडव्या फासळ्या घालणे.

प्रश्न: एकाच दिशेच्या काच-इपॉक्सी थराचे गुणधर्म अॅन्सिसमध्ये (ताठपणाचा हिशेब करणारा संगणक-प्रोग्रॅम) भरताना विद्यार्थी दरवेळी वेगळे उत्तर आणतात. नऊ आकडे कुठून आणायचे?
— पदविका महाविद्यालयातील शिक्षक, शिरपूर

काच आकारमानाने ५० टक्के आणि इपॉक्सी ३.५ गिगापास्कलचे धरून एक संच देतो. तंतूच्या दिशेचा मॉड्युलस ३७.८, आडवा हॅल्पिन-त्सायने ११.५. आडव्यासाठी साधा उलटा नियम (मॉड्युलसऐवजी १ भागिले मॉड्युलस यांची वाट्यानुसार बेरीज) वापरला तर ६.७ येतात. ती खालची मर्यादा आहे, खरे मापन तिच्याहून वर पडते. पॉयसाँ गुणोत्तर (ओढल्यावर आडवे आकुंचन लांबीतल्या वाढीच्या किती पट) काचेचे ०.२२ आणि रेझिनचे ०.३५ धरून मधला ०.२८५. कर्तन मॉड्युलस (सरकवणाऱ्या किंवा पिळाच्या भाराला ताठपणा) काचेचा २९.५, रेझिनचा १.३. त्याच सूत्रात २ ऐवजी १ घातला की ३.५ येतो. तिसरी दिशा दुसरीसारखीच भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिशेमधले पॉयसाँ गुणोत्तर ०.४२ च्या आसपास धरा आणि त्या प्रतलातला कर्तन मॉड्युलस ११.५ भागिले २.८४, म्हणजे ४ असा काढा. तीन मॉड्युलस, तीन पॉयसाँ गुणोत्तरे आणि तीन कर्तन मॉड्युलस, एवढ्यावर नऊ आकडे पुरे होतात.

विद्यार्थ्यांच्या चुका बहुधा दोन जागी असतात. लोखंडाची सवय म्हणून कर्तन मॉड्युलस ३७.८ वरून सरळ काढतात, तो १४.७ येतो, खऱ्याच्या चौपटीहून जास्त. पिळाचा भार असलेली नळी मग कागदावर भलतीच ताठ दिसते. दुसरी चूक पॉयसाँच्या रकान्याची. प्रोग्रॅममध्ये पीआरएक्सवाय (PRXY) हा मोठ्या गुणोत्तराचा रकाना, म्हणजे तंतूच्या दिशेने ओढल्यावरचे, आणि एनयूएक्सवाय (NUXY) हा छोट्याचा, म्हणजे आडवे ओढल्यावरचे. ०.२८५ हा मोठा आहे. तो छोट्याच्या रकान्यात गेला तर प्रोग्रॅम मोठा स्वतः काढतो आणि तो ०.९४ होतो. गंमत म्हणून नव्हे, सावध राहण्यासाठी सांगतो: प्रोग्रॅम इथे तक्रार करत नाही, कारण अशा पदार्थाला १.८ पर्यंतचे गुणोत्तर तत्त्वतः चालते. खरा छोटा ०.०८७ आहे, हे फळ्यावर लिहून ठेवा.

मग प्रत्यक्ष पट्टी ओढा. मॉड्युलस कमी आला तर सूत्राला दोष देण्याआधी कोनमापक लावा. थर ५ अंश तिरका बसला तर ३७.८ चे ३५.५ होतात, १० अंश बसला तर ३०.४. दहा अंश डोळ्याला फारसे खुपत नाहीत.

प्रश्न: तयार पत्र्यात काच खरोखर किती आहे, हे कसे ओळखावे? पुरवठादार ३० टक्के म्हणतो.
— कूलर दुरुस्ती करणारा, नंदुरबार

जाळून. पत्र्याचा २५ × २५ मिमीचा तुकडा तोला. ३.१५ मिमी जाडीचा असेल तर सुमारे २.८ ग्रॅम भरेल. चिनी मातीच्या मुशीत ठेवून मफल फर्नेसमध्ये ५६५ अंशांच्या आसपास सगळा काळेपणा जाईपर्यंत ठेवा. विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात अशी भट्टी असते. धूर विषारी असतो, चुलीवर किंवा उघड्यावर हा प्रयोग करू नका. गार झाल्यावर उरते ती पांढरी काच, ३० टक्के खरे असेल तर ०.८४ ग्रॅम. लगेच तोलू नका, आधी मऊ ब्रशने झटका. पांढरी पूड गळाली तर रेझिनमध्ये खडूची किंवा टाल्कची भर आहे, आणि ती काचेच्या वजनात मोजली जात होती. पूड आणि तंतू वेगवेगळे तोला. निदान तीन तुकडे, पत्र्याच्या वेगवेगळ्या भागांतून घ्या. केळीच्या थराचा पत्रा असेल तर ही रीत फक्त काचेपुरती चालते, कारण केळीचा धागा रेझिनबरोबरच जळून जातो आणि त्याची थोडीशी राखच उरते. तिथे मॅटचे वजन साच्यात घालण्याआधीच लिहून ठेवावे लागते.